मायनर ठरवण्याआधी पुढचे पेपर कशावर उभे आहेत ते बघ

वाचकाचं पत्र:

"मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. यंदा एका खासगी कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेतलाय, मेजर, म्हणजे मुख्य विषय, फायनान्स. अकरावी-बारावीत गणित सोडून दिलं होतं. आता कॉलेजनं मायनर, म्हणजे जोडविषय, आणि बाकीचे ऐच्छिक विषय भरायचा फॉर्म दिलाय, आठवड्याभरात परत द्यायचाय. मैत्रिणी म्हणतात मार्केटिंग घे, मार्क सुटतात. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, पहिल्याच वर्षी डेरिव्हेटिव्हज (वायदे-ऑप्शन) आणि फिनटेक उचल, सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) फी भरून टाक. आईच्या मनात सीए आहे. बाबांचं सियागंजात किराण्याचं होलसेल दुकान आहे, त्यांचं म्हणणं, शिकशील ते दुकानाच्या कामी यायला हवं. तीन वर्षं कशी आखू? आणि चौथं वर्ष करावं का?"

उत्तर:

फॉर्मची मुदत जवळ आहे, म्हणून आधी मायनर. तुमच्या कॉलेजात संख्याशास्त्र मायनर म्हणून मिळत असेल तर तेच घे. ते नसेल, किंवा त्याला बारावीच्या गणिताची अट असेल, तर अर्थशास्त्र. तेही नसेल तर कॉम्प्युटर अॅप्लिकेशन. मार्केटिंग हा विषय म्हणून चांगलाच आहे, पण तुझ्या मेजरला त्याचा टेकू मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. त्यात मेजरचे किमान ६० आणि मायनरचे २४. थिअरीच्या पेपरात एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास शिकवणं. म्हणजे मायनरपायी तू ३६० तास वर्गात बसणार आहेस. एवढा वेळ शेवटच्या वर्षाच्या अवघड पेपरांची तयारी करून देणारा असावा. राहिला मार्क सुटण्याचा प्रश्न. आकडेमोडीच्या पेपरात पायऱ्या बरोबर असतील आणि उत्तर जुळलं असेल तर मार्क कापायला परीक्षकाकडे कारण उरत नाही. थिअरीच्या उत्तराचं तसं नसतं.

फॉर्म भरण्याआधी एक काम आजच कर: कॉलेजच्या ऑफिसातून किंवा देवी अहिल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या तुकडीला लागू असलेला ऑर्डिनन्स, म्हणजे नियमावली, आणि विषयांची यादी उतरवून घे. वर दिलेले आकडे आयोगाच्या आराखड्यातले आहेत, कॉलेजात ते थोडे वेगळे बसवलेले असू शकतात. मायनर नंतर बदलता येतो का, कोणत्या टप्प्यापर्यंत, आणि बदलला तर आधीचे क्रेडिट कुठे मोजले जातात, ही तीन उत्तरं लेखी नियमात शोध. काउंटरवर तोंडी मिळालेल्या उत्तरावर तीन वर्षं आखू नकोस.

आता मूळ मुद्दा. फायनान्सचे पेपर सुटे नसतात. प्रत्येक पेपर आधीच्या एक-दोन पेपरांवर उभा असतो, आणि कॉलेजच्या यादीत हे कुठेच लिहिलेलं नसतं. यादीत सगळे ऐच्छिक विषय एका ओळीत छापलेले असतात, त्यामुळे ‘फिनटेक’ आणि ‘बिझनेस स्टॅटिस्टिक्स’ सारख्याच वजनाचे वाटतात. म्हणून आखणी उलटीकडून कर. शेवटी तुला कोणते पेपर करायचे आहेत ते कागदावर उजवीकडे लिही आणि प्रत्येकासमोर "याच्या आधी काय यायला हवं" हे लिहीत डावीकडे ये.

उदाहरणार्थ, कंपनीचं मूल्यांकन. त्याच्या आधी आर्थिक विवरणपत्रांचं विश्लेषण, त्याच्या आधी फायनान्शियल मॅनेजमेंट, त्याच्या आधी कॉर्पोरेट अकाउंटिंग, आणि मुळात फायनान्शियल अकाउंटिंग. दुसरी फांदी डेरिव्हेटिव्हजची. त्याच्या आधी सिक्युरिटी अॅनालिसिस आणि पोर्टफोलिओ, त्याच्या आधी संख्याशास्त्र, त्याच्या आधी थोडं गणित. तिसरी फांदी त्या मानानं हलकी: सूक्ष्म अर्थशास्त्र, मग समष्टी अर्थशास्त्र, मग वित्तीय बाजार आणि संस्था, मग आंतरराष्ट्रीय वित्त. बँकिंग, विमा, कंपनी कायदा हे पेपर कुठेही बसतात, त्यांची चिंता नको.

कागद भरलास की दिसेल, भारी फांद्या पहिल्या तीन सेमिस्टरमधल्या तीनच गोष्टींवर येऊन टेकतात: अकाउंटिंग, संख्याशास्त्र आणि पैशाचं कालमूल्य, म्हणजे आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा किती मोलाचा. या तिन्ही पक्क्या असतील तर पुढचं सगळं जमतं. यातली एक जरी कच्ची राहिली तर पाचव्या सेमिस्टरला सूत्रं पाठ करण्याची वेळ येते.

संख्याशास्त्राचा आग्रह का, ते एका गणितातच बघ. दोन शेअर आहेत. एकाचं प्रमाण विचलन (परतावा किती वर-खाली होतो त्याचं माप) २० टक्के, दुसऱ्याचं ३० टक्के, आणि दोघांमधला सहसंबंध (दोघं किती एकसारखे हलतात त्याचं माप) ०.२. पैसे निम्मे-निम्मे घातले तर एकूण जोखीम किती? सहज उत्तर येतं २५ टक्के. खरं गणित असं: निम्म्याचा वर्ग ०.२५. त्याला २० टक्क्यांच्या वर्गानं, म्हणजे ०.०४ नं गुणलं की ०.०१. तसंच ०.२५ गुणिले ०.०९ म्हणजे ०.०२२५. तिसरं पद २ × ०.५ × ०.५ × ०.२ × ०.२ × ०.३ म्हणजे ०.००६. बेरीज ०.०३८५, तिचं वर्गमूळ ०.१९६. जोखीम १९.६ टक्के, म्हणजे दोन शेअरांतल्या कमी जोखमीच्या शेअरपेक्षाही कमी! पोर्टफोलिओचा सबंध पेपर या तिसऱ्या पदाभोवती फिरतो. सहसंबंध म्हणजे काय हे ज्याला आधी समजलंय त्याला हे दहा मिनिटांत कळतं. बाकीचे ते सूत्र परीक्षेपुरतं घोकतात आणि सहसंबंध ऋण दिला की अडकतात.

गणित नव्हतं, हे भरून काढता येतं

बारावीत गणित नव्हतं म्हणून फायनान्स जमणार नाही, हे मनातून काढून टाक. पदवीच्या पातळीवर लागणारं गणित मोजकं आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातली श्रेणी, मर्यादा आणि अवकलज, सांख्यिकी आणि संभाव्यता ही चार प्रकरणं कर. बारावीच्या पुस्तकातलं अवकलजाचं उपयोजन आणि संभाव्यता घे, आव्यूह (मॅट्रिक्स) वरवर पाहा. त्रिकोणमिती, शंकुच्छेद, त्रिमितीय भूमिती पूर्ण सोड. लघुगणक आणि घातांकाचे नियम मात्र हाताखाली पाहिजेत. चक्रवाढीत "पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं" हे लघुगणकाशिवाय काढता येत नाही.

रोज पाऊण तास दिलास तर पहिल्या सेमिस्टरमध्ये एवढं होतं. क्रम श्रेणीपासून धर, कारण गुणोत्तर श्रेणीची बेरीज समजली की ईएमआय, पेन्शन, बाँडची किंमत ही सगळी एकाच सूत्राची रूपं आहेत हे आपोआप दिसतं. भंवरकुआँच्या कोचिंग क्लासांत या भरपाईसाठी क्रॅश कोर्स मिळेल, पण तो बहुधा प्रवेश परीक्षांच्या गणिताचा असतो. तिथे उत्तर झटपट काढायच्या युक्त्या शिकवतात. तुला सूत्र कुठून आलं हे हवंय.

सेमिस्टरनिहाय मांडणी

पहिल्यात फायनान्शियल अकाउंटिंग आणि सूक्ष्म अर्थशास्त्र. भाषेचा आणि मूल्यवर्धनाचा जो पेपर असेल तो ठेव, आणि गणिताची भरपाई घरी. दुसऱ्यात कॉर्पोरेट अकाउंटिंग आणि बिझनेस मॅथ्स-स्टॅटिस्टिक्स. तिसऱ्यात फायनान्शियल मॅनेजमेंट, कॉस्ट अकाउंटिंग, समष्टी अर्थशास्त्र. चौथ्यात आयकर, वित्तीय बाजार, विवरणपत्रांचं विश्लेषण आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. पाचव्यात सिक्युरिटी अॅनालिसिस आणि पोर्टफोलिओ, सोबत हलके पेपर. सहाव्यात डेरिव्हेटिव्हज, आंतरराष्ट्रीय वित्त किंवा मूल्यांकन, आणि प्रोजेक्ट. कॉलेजनं काही पेपर ठरावीक सेमिस्टरला बांधलेले असतील तर ते तसेच राहू दे आणि ऐच्छिक विषय त्यांच्याभोवती हलव.

एका सेमिस्टरमध्ये आकडेमोडीचे दोनच भारी पेपर घे. २० क्रेडिटच्या सेमिस्टरला आठवड्याला साधारण २० तास वर्गात जातात. चार क्रेडिटच्या आकडेमोडीच्या पेपरला घरी सहा ते आठ तास सराव लागतो, थिअरीच्या पेपरला तीन तासांत भागतं. असे तीन भारी पेपर एकत्र आले की आठवड्याचे आणखी वीस-बावीस तास त्यांनाच जातात, आणि मग सराव कमी होतो तो नेमका सर्वांत अवघड पेपराचा. वर तिसऱ्या सेमिस्टरमध्ये दोन भारी पेपर आहेतच, म्हणून मायनरचा सर्वांत अवघड भाग तिथे येऊ देऊ नकोस.

एटीकेटीबद्दल मुलं बेफिकीर असतात, "पुढे काढून टाकू" म्हणतात. अडचण मार्कांपेक्षा क्रमाची आहे. विषम सेमिस्टरचा राहिलेला पेपर सहसा पुढच्या विषम सेमिस्टरच्या परीक्षेबरोबर येतो. पहिल्यातलं अकाउंटिंग राहिलं तर ते तिसऱ्यात फायनान्शियल मॅनेजमेंटच्या जोडीला येतं. ज्या विषयावर नवा विषय उभा आहे तोच कच्चा असताना दोन्हींची परीक्षा एका महिन्यात द्यावी लागते. म्हणून पहिल्या वर्षी बाकी कुठे कमी-जास्त झालं तरी चालेल, अकाउंटिंग आणि संख्याशास्त्रात चालणार नाही.

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग: कौशल्यवर्धनाचे ९ क्रेडिट. बहुतेक जण वेळापत्रकात जे सोयीचं पडेल ते उचलतात. हे साधारण तीन-तीन क्रेडिटचे तीन पेपर होतात आणि त्यांचाही क्रम लावता येतो. पहिला स्प्रेडशीट, दुसरा जीएसटी आणि टॅली, तिसरा डेटा अॅनालिसिस, जमल्यास पायथनमधून. पायथन आधी घेण्याचा मोह टाळ. एक्सेलमध्ये हप्त्यांचा तक्ता स्वतः बनवता येत नसेल तर पायथनमध्ये तो फक्त उतरवून घेतला जातो.

एक्सेलचा पहिला धडा म्हणून हे कर. एक लाखाचं कर्ज, वार्षिक १२ टक्के, मुदत १२ महिने. हप्ता काढणाऱ्या पीएमटी सूत्रात व्याजदर महिन्याचा, म्हणजे १ टक्का घाल. ईएमआय येईल ८,८८५ रुपये. पहिल्या महिन्यात व्याज १,०००, मुद्दल ७,८८५. असे बारा महिने खाली उतर आणि शेवटची शिल्लक शून्य येते का बघ. येत नसेल तर बहुतेक वेळा व्याजदराच्या सेलला डॉलर चिन्ह लावून तो पक्का केलेला नसतो, म्हणून सूत्र खाली ओढताना सेल सरकतो. आता तेच कर्ज ‘१२ टक्के फ्लॅट’ दरानं, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज धरून, कर. व्याज सरळ १२,००० आणि हप्ता ९,३३३. रेट सूत्रानं खरा दर काढ, तो वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. हप्त्यानं वस्तू विकणारे फ्लॅट दर का सांगतात, ते इथे कळेल.

दुसरा सापळा एनपीव्ही सूत्राचा, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची निव्वळ किंमत काढण्याचा. एक लाख आज गुंतवले, पुढची तीन वर्षं दरवर्षी ४५,००० येणार, दर १२ टक्के. बरोबर उत्तर ८,०८२. पण आजचे एक लाखही सूत्राच्या कंसात टाकले तर ७,२१६ येतं, कारण एक्सेल पहिली रक्कम एका वर्षानंतरची धरतो. आजची रक्कम कंसाबाहेर ठेवून वजा करायची. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही चूक फार आढळते आणि उत्तर ‘जवळपास’ असल्यानं कोणाच्या लक्षातही येत नाही.

बहुविद्याशाखीय ९ क्रेडिटमध्ये गणिताशी किंवा कॉम्प्युटरशी नातं असलेलं काही मिळालं तर घे, नाही तर आवडीचं घे. सगळंच फायनान्सच्या कामाचं असायला हवं असं नाही.

बाबांचं दुकान

दुकानाला उपयोगी पडलं पाहिजे, हे बाबांचं म्हणणं तुझ्या अभ्यासाच्या दृष्टीनेही मोलाचं आहे. इतरांना पुस्तकात काल्पनिक कंपनी सोडवावी लागते, तुझ्या घरी खरी उलाढाल आहे. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये खेळत्या भांडवलाचं प्रकरण आलं की दुकानाचे आकडे घेऊन बस.

समजा वर्षाची खरेदी २ कोटी १९ लाख, म्हणजे रोजचे ६०,०००. गोदामात माल १८ लाखांचा, म्हणजे ३० दिवसांचा साठा. विक्री रोजची ६४,००० आणि बाजारात उधारी २८ लाख ८० हजार, म्हणजे ४५ दिवस. व्यापाऱ्यांचं देणं १२ लाख, म्हणजे २० दिवस. तीस अधिक पंचेचाळीस वजा वीस, म्हणजे ५५ दिवस पैसा फिरून परत येत नाही. एकूण ३४ लाख ८० हजार अडकलेले. आता उधारी ४५ वरून ३५ दिवसांवर आणली तर ६ लाख ४० हजार मोकळे होतात. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं १२ टक्क्यांचं असेल तर वर्षाला ७६,८०० व्याज वाचतं. बाबांना हा कागद दाखव. त्यांच्याकडून उत्तर येईल की अमुक गिऱ्हाइकाला कमी दिवस दिले तर तो शेजारच्या पेढीवर जाईल, सणासुदीला साठा दुप्पट करावाच लागतो, साखरेची उधारी वेगळी आणि सुक्या मेव्याची वेगळी. ते सगळं लिहून घे. पुस्तकात ‘क्रेडिट पॉलिसी’ या नावाखाली दोन पानांत आटोपलेलं प्रकरण तुला तिथे पूर्ण मिळेल. आणि ग्राहकनिहाय उधारीची वयवारी, म्हणजे ३० दिवसांपर्यंतची किती, ६० पर्यंतची किती, त्यापुढची किती, एवढा एक तक्ता दर महिन्याला बनवून दिलास तरी दुकानाचं काम झालं. आकडे कॉलेजात सादर करायचे असतील तर नावं काढून टाक आणि बाबांना विचारूनच दे.

मोठ्या कंपनीचा अभ्यास करायचा असेल तेव्हा इंदूरचीच प्रताप स्नॅक्स घे. ती शेअर बाजारात नोंदलेली आहे, वार्षिक अहवाल मोफत मिळतात, आणि बटाटा व पामतेलाच्या भावाचा नफ्यावर कसा परिणाम होतो हे धंद्याची जाण असलेल्या घरातल्या मुलीला समजायला वेळ लागणार नाही.

इंटर्नशिप चौथ्या सेमिस्टरनंतर. तिचे २ ते ४ क्रेडिट असतात, एका क्रेडिटला ३० तास धरले तर चार क्रेडिटचे १२० तास. सीएच्या ऑफिसात जून-जुलैत आयकर विवरणपत्रांची गर्दी असते, तेव्हा हाताला खरं काम लागतं. पण नुसतं फाइल लावायचं काम देणार असतील तर तास भरतील, शिक्षण होणार नाही. आधीच सांगून ठेव की जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचा तक्ता) आणि खरेदीच्या नोंदी जुळवण्याचं काम द्या. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो आणि ३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, सहसा २० तारखेला भरायचा असतो. या सहा दिवसांत कोणत्या पुरवठादारानं बिल चढवलं नाही, म्हणून किती इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकलं, हे शोधणारा माणूस प्रत्येक ऑफिसला हवा असतो. पत्र कॉलेजच्या नमुन्यातच घे आणि तासांची नोंद रोजच्या रोज सही करून ठेव. शेवटी एकदम भरलेली डायरी मान्य न होण्याची भीती असते.

सीएफए, सीए आणि बाकीच्या परीक्षा

आतेभावाला सांग, पहिल्या वर्षी सीएफएचं दारच उघडत नाही. पहिली पातळी देताना पदवी पूर्ण व्हायला २३ महिने किंवा त्याहून कमी राहिलेले असावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीत ती वेळ साधारण तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला येते. आणि तेव्हाही देऊ नकोस. त्या परीक्षेत १८० प्रश्न असतात, तयारीला साधारण ३०० तास धरतात, आणि त्यातला बराचसा भाग तुझ्या पाचव्या-सहाव्या सेमिस्टरमध्ये येणार आहे. सहावं संपल्यावरची ऑगस्टची परीक्षा तुला सोयीची. फी डॉलरमध्ये असते, एकदा हुकली की पुन्हा भरावी लागते.

डेरिव्हेटिव्हज शिकण्याची घाई आणि त्यात पैसे लावण्याची घाई बरेचदा एकत्र येतात, म्हणून हेही वाच. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. पेपर शिकायला डीमॅट खात्याची गरज नाही. सहाव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी सोयाबीनच्या वायद्यांचा विचार मनात आला, इंदूरात तो येणारच, तर लक्षात ठेव की सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. त्यानंतरचा सलग डेटा मिळत नाही. मंडीचे हजर भाव अॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, त्यांच्यावर काम कर.

आईच्या सीएबद्दल: वाणिज्य पदवीला ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. त्यामुळे आत्ता घाईनं काही ठरवायची गरज नाही. फक्त दोन्ही वाटा एकदम चालू नकोस. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, पण दिवसभराची आहे; नियमित कॉलेज, इंटर्नशिप आणि ती, तिन्ही नीट होत नाहीत. तिसऱ्या सेमिस्टरअखेर स्वतःला विचार की अकाउंटिंग आणि आयकर आवडतोय की बाजार आणि मूल्यांकन. उत्तर पहिलं असेल तर आईचं ऐक.

एनआयएसएमच्या, म्हणजे शेअर बाजारातल्या कामासाठीच्या प्रमाणपत्र परीक्षा स्वस्त आणि उपयोगी आहेत, पण त्यांचं प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं. पहिल्या सेमिस्टरला उत्साहानं दिलेली परीक्षा नोकरी शोधताना संपत आलेली असते. म्युच्युअल फंड वितरकाची ५-ए पाचव्या सेमिस्टरला दे: १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास. इक्विटी डेरिव्हेटिव्हजची ८ क्रमांकाची सहाव्यात; तिथे ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. एमबीए प्रवेशाची कॅट द्यायचा विचार असेल तर ती नोव्हेंबरच्या अखेरीस येते, ऐन पाचव्या सेमिस्टरमध्ये. वरच्या मांडणीत पाचवं हलकं ठेवलंय ते त्यासाठीच.

स्वयम् या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरून कॉलेजात नसलेला पेपर करता येतो. नियमानं सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात. तिथला एनपीटीईएलचा (आयआयटींचा) १२ आठवड्यांचा कोर्स सहसा तीन क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा दोनचा. कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता घे, नाहीतर प्रमाणपत्र मिळतं आणि अंकसूचीवर क्रेडिट चढत नाहीत. अंतिम परीक्षेच्या तारखाही आधी बघ, त्या कॉलेजच्या परीक्षेला खेटून येऊ शकतात. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे क्रेडिट जमा होण्याचं, खातं डिजिलॉकरमधून पहिल्याच महिन्यात उघड आणि आधार, दहावीची अंकसूची व कॉलेज, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते तपास. आडनाव एकीकडे ‘कर’ आणि दुसरीकडे ‘कार’ झालं तरी क्रेडिट अडकतात. मध्य प्रदेशात मराठी आडनावांचं हे वारंवार होतं.

जुनी पुस्तकं घेताना आयकर सोडून काहीही घे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. कलमांचे क्रमांक बदललेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलंय. तुझा आयकराचा पेपर चौथ्यात आहे, पुस्तक तेव्हाच्या आवृत्तीचं घे. बाजाराच्या नोट्समध्ये शेअरांची पूर्तता टी+२ (सौद्यानंतर दोन दिवसांनी) लिहिली असेल तर त्या जानेवारी २०२३ च्या आधीच्या आहेत, आता टी+१ आहे.

चौथं वर्ष

आज ठरवू नकोस, पण वाट मोकळी ठेव. चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटची. त्यात दोन प्रकार आहेत: ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. म्हणजे वाट मोकळी ठेवायची तर पहिल्या वर्षाचे मार्कही मोजले जाणार. चार वर्षं केलीस तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होतं, त्यामुळे एकूण वर्षं तेवढीच राहतात. परदेशी विद्यापीठांपैकी बरीच सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे जायचं असेल तर चौथं वर्ष करच. बँकेची नोकरी, सीए, एमबीए यांतलं काही मनात असेल तर तीन वर्षं पुरतात.

संशोधनासह ऑनर्स करायचं ठरलं तर कॉलेजातच ते होतं का, हे चौथ्या सेमिस्टरला विचार. आयोगाच्या नियमानं त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक लागतात, आणि खासगी कॉलेजांत ते नेहमी असतातच असं नाही. नसतील तर खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरातल्या विद्यापीठाच्या विभागांत, स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा स्कूल ऑफ कॉमर्समध्ये, क्रेडिट वळवून चौथ्या वर्षाला प्रवेश मिळतो का ते तिथल्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचार. जाताना तोपर्यंतच्या सगळ्या अंकसूच्या आणि प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम बरोबर ने, कारण पेपर जुळतात की नाही हे तिथे अभ्यासक्रम पाहूनच ठरवतील.